उशीर झाल्यास भाजी

रायपूरच्या समता कॉलनीतल्या वनमालाबाईंच्या पाळणाघराची पाटी वाचायला लोक मुद्दाम थांबत. वर ठळक अक्षरांत ‘चोवीस तास पाळणाघर’. खाली दिवसाची फी, रात्रीची फी, दोन्ही वेळचं जेवण आणि दूध धरून महिन्याची फी. त्याखाली ‘आजारी मूल घेतले जाणार नाही, रडके चालेल.’ आणि सगळ्यात शेवटी, लाल रंगात: ‘उशीर झाल्यास भाजी.’

नवा माणूस हसायचा. त्याला वाटायचं, रंगाऱ्याच्या हातून काहीतरी सुटलं असेल. पण रंगाऱ्याच्या हातून काही सुटलेलं नव्हतं. वनमालाबाईंच्या हातूनही सहसा काही सुटत नसे.

आधी बाई उशिराचे पैसेच घ्यायच्या. पण पैसे लावल्यापासून लोक जास्तच उशिरा यायला लागले. पैसे दिले की झालं, असा त्यांचा हिशेब. एका गृहस्थाने तर पूर्ण महिन्याचा उशीर आगाऊ भरून टाकला आणि निवांत झाला. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यातच एका संध्याकाळी स्वयंपाकाची कमला तापाने निजलेली, दारात लाल भाजीच्या जुड्या पडलेल्या, आणि मंत्रालयातले शिरीषबाबू पाकीट काढत आत आले. बाईंनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. जुडी पुढे केली आणि म्हणाल्या, “ठेवा तो पैसा. बसा, अन् हे निवडा.”

शिरीषबाबू इस्त्रीच्या पँटसकट चटईवर बसले. त्या दिवसापासून ती रीतच पडली. सहानंतर जो येईल त्याने भाजी निवडायची, ती संपली की मूल घेऊन जायचं. आणि आपल्या छत्तीसगडात भाज्यांना काय तोटा? लाल भाजी, चेच भाजी, मेथी, हिवाळ्यात तिवरा. वनमालाबाई मूळच्या भंडाऱ्याच्या, त्या तिवऱ्याला लाखोरी म्हणायच्या. कमला म्हणायची तिवरा. हे भांडण दर हिवाळ्यात नव्याने व्हायचं, आणि भाजी मात्र दोघी मिळून एकाच तेलात परतायच्या.

घरातलं बाकी सगळं वेळापत्रक बाईंचे यजमान नरहरीकाका यांच्या हातात होतं. काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड. रिटायर होताना ऑफिसने शाल-श्रीफळ दिलं, झेंड्या आणि शिट्टी त्यांनी स्वतःच्या मनाने ठेवून घेतली. सकाळी दूध आणि पोहे, मग खेळ, दुपारी शिट्टी वाजली आणि हिरवी झेंडी हलली की पोरं एकमेकांचे सदरे धरून गाडी करून जेवायला. वरण, भात, भाजी, आणि गुरुवारी कमलाच्या हातचे फरे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके. त्यासाठी पोरं बुधवारपासून शहाण्यासारखी वागत. लाल झेंडी शौचाच्या रांगेसाठी. जेवणानंतरच्या झोपेला काका ‘सायडिंगला टाकणं’ म्हणत. दिवसाची पोरं संध्याकाळी निघायच्या सुमारास रातपाळीवाल्यांची पोरं यायची. कुणाचा बाप उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यात, तर कुणाची आई दवाखान्यात.

रात्रीच्या पोरांत एक स्वरदा. वय साडेचार, तोंड चाळीसचं. तिची आई अनुश्री नर्स होती आणि तिला सदा रातपाळी. नवरा दूर विशाखापट्टणमला कामाला. अनुश्री पोरीला सहाच्या आधी आणून सोडायची आणि पदर सावरत धावत जायची. म्हणजे ज्या वेळी बाकीच्यांचे आईबाप येऊन चटईवर बसत, त्याच वेळी स्वरदाची आई निघून गेलेली असायची. ते पोरीला मुळीच पसंत नव्हतं. ती भाजीच्या चटईभोवती हात मागे बांधून फिरायची आणि सगळ्यांच्या जुड्या तपासायची. “शिरीष अंकल, डंडी छोड़ दी आपने.” मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

त्या हिवाळ्यात पाळणाघरावर एक संकट आलं. रात्री पोरं ठेवायची तर वेगळी परवानगी पाहिजे, असा सरकारी खात्याचा कागद आला. त्यासाठी पाहणी होणार. शिवाय कुणीतरी तक्रारही केलेली होती, की इथे फी घेऊन वर पालकांना कामाला जुंपतात. परवानगी नाकारली तर रात्रीचं दार बंद. अनुश्रीने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. “काकू, मग स्वरदाले गोंदियाले आजीजवळ ठेवा लागेन. दुसरा उपाय नाही मले.”

“काही होत नाही गोंदिया-फिंदिया,” वनमालाबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. त्यांना पोटची एकच मुलगी, ती लग्न होऊन दूर गेलेली. स्वरदा त्यांच्या अंगावर पाय टाकून झोपायची आणि झोपेतही हुकूम सोडायची.

पाहणी शुक्रवारी, असं खात्यातून फोनवर कळलं. गुरुवारी घरात धुणंपुसणं निघालं. काकांनी झेंड्यांना इस्त्री केली. फऱ्यांचं पीठ मळायचं राहिलं म्हणून पोरांनी बंड पुकारलं. बाईंनी सगळ्यांना दटावून सांगितलं, “उद्या मॅडम येऊन राहिली. उद्या भाजीची टोपली दिसली नाही पायजे. आजच सगळी निवडून टाका.”

तर गुरुवारी सहा वाजून गेल्यावर टोपली कधी नव्हे एवढी भरलेली. चटईवर शिरीषबाबू होतेच, त्यांची नव्या रायपूरची बस रोज उशिरा. त्यांचा संग्राम त्यांच्या मांडीवर बसून पानं खात होता. तेवढ्यात दारात एक तिशीची बाई उभी राहिली. खांद्याला पर्स, कपाळाला आठी, आणि ती घड्याळाकडे बघत होती.

वनमालाबाईंनी ओळखलं. परवाच बिरगावच्या एका माणसाने जुळ्यांचं नाव घातलं होतं, पण त्यांच्या आईचं दर्शन अजून व्हायचं होतं. हीच ती. पहिल्याच आठवड्यात उशीर!

“जी, मैं...” ती बाई म्हणाली.

आता उशिरा येणारा प्रत्येक माणूस ‘मैं’ पासूनच सुरुवात करतो, आणि त्यापुढे ट्रॅफिक, साहेब किंवा पंक्चर येतं. बाईंना ते सगळं पाठ होतं. “पाटी वाचली का नाही? वाचली ना? मग बसा. चप्पल तिकडे. कोवळी पानं इकडे, दांड्या तिकडे.” आणि त्यांनी तिवऱ्याचा मोठा ढीग तिच्यापुढे ओतला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

बाई क्षणभर उभीच राहिली. मग काय मनात आलं कोण जाणे, चप्पल काढून चटईवर बसली. चार काड्या हातात घेतल्या आणि नीट निवडायला लागली.

“इथे असंच असतं का?” तिने हळूच मराठीत शिरीषबाबूंना विचारलं.

“हव,” शिरीषबाबू म्हणाले. “पैसे द्यायला गेलो की काकू भाजी वाढवते. पहिले मलेही राग आला होता. ऑफिसातून थकून या, अन् इथं भाजी निवडा! पण आधी काय व्हायचं, पोट्ट्याले उचललं, स्कूटरवर टाकलं, घरी नेऊन टीव्हीपुढे ठेवलं. आता अर्धा तास हा मांडीवर बसते अन् दिवसभराचं सगळं सांगते. कोणी कोणाले चावलं, कोणाची चड्डी ओली झाली. सकाळी निघताना म्हणते, पापा, आज लेट आना.”

संग्रामने दुजोरा म्हणून वडिलांच्या अंगठ्याला चावलं.

इकडे स्वरदा हात मागे बांधून नव्या बाईजवळ आली. तिची भाजी तपासली. दोष काढण्यासारखं काही सापडेना, तेव्हा तिने दुसरा विषय काढला. “आपका बच्चा कौन सा है?”

“इथे नाही माझा. नागपूरला आहे, त्याच्या आजीकडे.”

“तो आप भाजी क्यों तोड़ रही हो?”

ती हसली. “तुझी आई कुठे आहे?”

“मेरी मम्मी लेट नहीं आती,” स्वरदा म्हणाली. “मेरी मम्मी सुबह आती है.” मग तिने त्या बाईच्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं, शिरीषबाबूंच्या भरलेल्या मांडीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि सरळ जाऊन बसली. मांडीवर बसून तिने एक काडी हातात घेतली. “ऐसे नहीं. ऐसे.”

बाईने एका हाताने पोरीला जरा जवळ ओढून घेतलं आणि तिने दाखवलं तसं निवडायला लागली. स्वरदाचं बोलणं चालूच होतं. काल रात्री काय जेवली, गार्ड दादाजी झोपेत शिट्टी कशी मारतात, आणि आपल्याला गोंदियाला पाठवणार आहेत पण आपण जाणार नाही, सगळं.

तेवढ्यात बाहेरून एक ड्रायव्हर आत डोकावला. “मैडम, गाड़ी घुमा लूँ क्या? इंस्पेक्शन हो गया?”

कमलाच्या हातातला झारा कढईत पडला. नरहरीकाकांनी गडबडीत लाल झेंडी उचलली, मग ती खाली ठेवून हिरवी उचलली, आणि दोन्ही पाठीमागे लपवल्या. वनमालाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चटईवर खात्याच्या मॅडम बसलेल्या, मांडीवर स्वरदा, साडीवर तिवऱ्याच्या काड्या.

“तुम्ही उद्या येणार होत्या नं जी?” त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

“सांगून गेलं की सगळीकडे फक्त इस्त्री केलेल्या झेंड्या दिसतात,” मॅडम म्हणाल्या. नाव सुनेत्रा. आवाज आता खात्याचा झाला होता, पण मांडी हलली नव्हती. “तक्रार आहे की तुम्ही पालकांना कामाला लावता. ती आज मी स्वतः करून पाहिली. काहून करता असं?”

दुसरं कुणी असतं तर इथे चांगलं भाषण ठोकलं असतं, पालक आणि मूल आणि संस्कार. वनमालाबाईंना तसलं काही येत नव्हतं आणि खोटं तर त्याहून येत नव्हतं. “भाजी निवडून पायजे होती मले,” त्या म्हणाल्या. “एवढ्या पोरायची भाजी एकटी कमला किती निवडन?”

शिरीषबाबूंनी घसा खाकरला. तेही उठू शकत नव्हते, संग्राम झोपला होता. “मॅडम,” ते म्हणाले, “ती तक्रार मीच केली होती. पहिल्या महिन्यात. रागाच्या भरात. ते... वापस घेता येते का?”

“तुम्ही?” वनमालाबाई त्यांच्याकडे वळल्या. मॅडम, परवानगी, खातं, सगळं विसरल्या. “अरे चोट्ट्या! माझी मेथी निवडली, माझ्या घरचे फरे हाणले, अन् माझ्याच नावानं कागद? आजपासून तुमाले दोन टोपल्या!”

“हव काकू,” शिरीषबाबू खाली मान घालून म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. पण लगेच त्यांनी चेहरा गंभीर केला, स्वरदाला अलगद खाली ठेवलं आणि उठून सगळं घर पाहिलं. अंथरुणं पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, मागचं दार पाहिलं. ते अडगळीने बंद झालेलं होतं, त्याबद्दल बाईंना चार शब्द ऐकवले. परवानगीबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत, काही लिहिलं नाही. जाताना फक्त आपल्यापुढची उरलेली भाजी निवडून टोपलीत टाकली. ड्रायव्हर फाटकाशी ताटकळला होता.

निकाल येईपर्यंतचे दिवस वनमालाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. काकांवर ओरडल्या, कमलावर ओरडल्या, तिवरा की लाखोरी यावरून दोन वेळा अबोला धरला. अनुश्री रोज सकाळी पोरीला न्यायला आली की दारातच डोळ्यांनी विचारायची, आणि बाई मान हलवायच्या. आपल्या चार काड्यांपायी पोरगी गोंदियाला गेली तर, हा विचार त्यांना घास गिळू देत नव्हता.

शेवटी कागद आला. परवानगी मिळाली होती, तीन अटींवर. मागचं दार मोकळं ठेवणे, आग विझवायचं यंत्र बसवणे, आणि तिसरी अट: पालकांकडून करून घेतले जाणारे काम ऐच्छिक असावे. त्या संध्याकाळी अनुश्री वनमालाबाईंच्या गळ्यात पडून रडली आणि स्वरदाने दोघींना विचारलं, “अब फरा बनेगा?”

बाईंनी रंगाऱ्याला बोलावलं. पाटीवर शेवटी आणखी एक शब्द चढला. ‘उशीर झाल्यास भाजी. ऐच्छिक.’ शिरीषबाबू दुसऱ्याच दिवशी येऊन आपल्या दोन टोपल्यांपुढे बसले. त्यांना ऐच्छिक आहे असं कुणी सांगितलं नाही.

उन्हाळा सरला. शाळा उघडल्यावर एका सकाळी सुनेत्रा मॅडम दारात आल्या. या वेळी ड्रायव्हर नव्हता. बोटाला धरलेला तीन वर्षांचा अनिमेष होता. नागपूरहून आणला होता, कायमचा. त्यांनी पूर्ण फी भरली, मुलाला दूध पचत नाही हे सांगितलं, तो हिंदी बोलत नाही हेही सांगितलं, आणि ऑफिसला गेल्या. स्वरदा आता शाळा सुटल्यावरही तिथेच येई. तिने अनिमेषची पाहणी करून त्याला पास केलं.

संध्याकाळी नरहरीकाका खिडकीशी उभे होते. त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. “वनमाले, मॅडम बाहेरच उभी आहे. बऱ्याच वेळची. आत काहून येत नाही व? बोलावू का?”

वनमालाबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. मॅडम फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. सहाला अजून थोडा वेळ होता.

“तुम्ही शिट्टी खिशात ठेवा अन् गप बसा,” त्या म्हणाल्या. “सहा वाजू द्या.”

त्यांनी टोपलीतून चेच भाजीच्या दोन मोठ्या जुड्या काढल्या आणि चटईवर ठेवल्या. स्वरदा अनिमेषला हाताला धरून आधीच तिथे येऊन बसली होती. एका मांडीवर हा बसेल आणि दुसऱ्या मांडीवर मी, असं ती त्याला मराठीतून समजावून सांगत होती.