सरकार आमच्या पाठीशी

युरोपातली खरेदीदार बाई आमचा टॉवेलचा कारखाना बघायला येणार म्हणून नान्नांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही तेलुगू घरातले, वडिलांना नान्ना म्हणतो. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्यातले निम्मे माग तेव्हाच बंद पडले होते. बाईची ऑर्डर हुकली तर उरलेलेही थांबणार, हे मागावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

स्थळ बघायला पाहुणे आले की घर भरलेलं दाखवायचं, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीनंच घात केला. बाईनं सहज विचारलं, "सरकारची काही मदत मिळते का?" नान्नांची छाती फुगली. नव्या मागांवर हात फिरवत ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे सगळं सरकारनंच दिलंय. सरकार पूर्ण आमच्या पाठीशी!" मी कपाळाला हात लावला. अनुदानाचा अर्ज कुठल्या कचेरीत धूळ खात होता देव जाणे. ते नवे माग आले होते आईचे दागिने मोडून.

बाईचा चेहरा उतरला. तिनं समजावून सांगितलं, की तिकडं सरकारला आपल्याच एखाद्या कारखान्याला मोठी मदत करायची झाली तरी आधी युरोपच्या वरच्या कचेरीला विचारावं लागतं, नाहीतर बाकीच्या धंदेवाल्यांवर अन्याय होतो. बाहेरून येणारा माल सरकारी मदतीनं स्वस्त झालाय असं ठरलं, तर त्यावर जादा कर बसू शकतो. "ती जोखीम मी घेणार नाही," ती म्हणाली.

माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर कानाशी आला. "काय म्हनली ओ बाई? ऑर्डर हाय न्हवं?"

नान्ना घामाघूम झाले होते. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी हात जोडले. "खोटं बोललो, मॅडम. सरकारनं काहीच दिलेलं नाही. आमच्या पाठीशी कुणीच नाही." माझ्या बापाला असं हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू कोसळलं.

बाईनं बंद मागांकडं बघितलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "मग उद्या कारखानाच बंद पडला आणि माझी ऑर्डर मध्येच अडकली, तर कुणाकडं बघू?" तिनं विचारलं.

नान्ना माझ्याकडं बघायला लागले. ऑर्डर न देताच ती निघाली. बाईची गाडी गेटाबाहेर पडली तेव्हा जॉबर अजून तिथंच उभा होता.

"मालक, राहिलेलेबी बंद करू का?"

"कर की," नान्ना म्हणाले.