अक्काचा ओटा

हसायचं असेल तर आधी चहा संपवा. नंतर ठसका लागला म्हणून मला बोल लावू नका. कारण हा गाढवपणा दुसऱ्या कुणाचा नाही, सर्वस्वी माझा आहे.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. मी धुळ्याला शाळेत मास्तर होतो. अक्का, म्हणजे माझी आई, अमळनेरजवळ आमच्या गावी एकटी राहायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं म्हणून मीही अक्काच म्हणत असे. तिच्या गुडघ्यांनी दावा मांडला होता. चुलीपुढे बसली की उठवायला दोन माणसं लागत. शेजारची सून डबा आणून द्यायची, पण अक्काला दुसऱ्याच्या हातचं घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "घर बंद कर आणि धुळ्याला चल." तर तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

आता करायचं काय? घर सुटलं तर ही बाई वर्षभर जगणार नाही, हे मला कळत होतं.

तेवढ्यात आमच्या हेडमास्तरांनी धुळ्यात नवं घर बांधलं. बघतो तर त्यांच्या बाई उभ्यानं स्वयंपाक करताहेत! भिंतीला लागून अडीच फूट उंच ओटा, त्यावर शेगडी. ना बसणं, ना उठणं. मी तिथल्या तिथे टेप मागून घेतली आणि मापं उतरवली.

त्याच दिवशी गावाकडे नाना गवंड्याला पत्र टाकलं. 'अक्कासाठी ओटा बांधा. लांबी सहा फूट, उंची अडीच फूट, वर शहाबादी फरशी. झाला की चूल त्यावर मांडा. अक्कानं भिंतीकडे तोंड करून उभ्यानं स्वयंपाक करायचा.'

आता यात काही चुकलंय का, सांगा बरं? मलाही नाही वाटलं.

आठ दिवसांनी नानांचं कार्ड. 'ओटा झक्क झाला. पण चूल खरंच ओट्यावर मांडू का? अक्का म्हणते, लोक काय म्हणतील?'

मला रागच आला. नव्या गोष्टीला नाकं मुरडायची आपल्या लोकांना खोडच! मी फर्डा मजकूर लिहिला. 'चूल ओट्यावरच मांडा. लोक चार दिवस हसतील, मग आपणहून शिकतील. काळ बदलला आहे. अक्कानं लाजू नये.'

पुन्हा कार्ड. 'वर पत्रा टाकू का?'

धूर काढायला धुराड्यासारखं काही करत असतील, असं मी समजलो. म्हातारा हुशार आहे म्हणून कौतुकही केलं. 'अवश्य टाका.'

दिवाळीची सुट्टी लागली. अमळनेरला उतरलो आणि गावाकडे जाणारी बैलगाडी गाठली. गाडीवान अनोळखी होता. मला विचारतो कसा, "भाऊ, जेवण व्हयनं का? नही तर अक्काना ओटावर चला. भरीत-भाकर असी की बस!"

मी मनात खूश. स्वयंपाक सुरू झाला तर! पण या गाडीवानाला आमच्या स्वयंपाकघरातलं कसं ठाऊक, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही.

गल्लीत वळलो आणि थबकलोच. घराच्या दाराबाहेर, रस्त्याला लागून, सहा फूट लांब आणि अडीच फूट उंच चकचकीत ओटा. वर पत्रा. ओट्यावर चूल. आणि अक्का भर गल्लीत उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन, भिंतीकडे तोंड करून भाकरी थापतेय. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन गाडीवान मांडी घालून जेवताहेत.

अहो, आमच्याकडे ओटा म्हणजे घरापुढे बसायचा! आमचा जुना पावसात ढासळला होता. तोच मी नवा करायला सांगितला, असं नानांना वाटलं. स्वयंपाकघर हा शब्द मी एकाही पत्रात लिहिला नव्हता.

"अक्का, हे काय?"

"तूच लिखेल शे ना," अक्का शांतपणे म्हणाली. "ओटावर चूल, उभं ऱ्हाईसन रांधानं."

"आणि ही माणसं?"

"ओटावर येल माणूस उपाशी धाडतस का रे?"

म्हणजे मी भर गावात आईला रस्त्यावर उभं केलं! आता ही चिडणार, मनानं खचणार आणि सगळा दोष माझा. मला तिच्याकडे बघवेना.

अक्कानं भाकरी तव्यावर टाकली. "पहिला दिन लाज वाटनी. बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं व्हतं. पन गुडघा आते दुखतस नही. मी तुनासंगे धुयाले काय येत नही, सांगी ठेवस."

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच तिच्या हातची गरम भाकरी खाल्ली आणि डोळे पुसले. धूर होता, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी चुलीच्या खोलीत तशाच मापाचा ओटा घालायला घेतला. अक्का दारात उभी राहून सूचना देत होती. बाहेरच्या ओट्यावर पुन्हा गाडीवान जमलेच होते. नानांनी त्यांना सगळा घोटाळा रंगवून सांगितला, तेव्हा ती माणसं पोट धरून हसली. मग त्यातल्या एकानं डोळे पुसत मला विचारलं, "मास्तर, शाळामा काय शिकाडतस तुम्ही?"

मी घाईघाईनं म्हणालो, "गणित."

आतून अक्का म्हणाली, "खोटं कसाले बोलस रे? मराठी शिकाडस ना तू."