शुभदाचा दुसरा ओव्हन

मार्चचा दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. मी गॅरेजमध्ये चिमट्यानं गोळ्या एकेक करून ट्रेमध्ये उभ्या करत होते. रायफलसाठी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या, त्यांच्यावर हिरव्या पावडर रंगाचा थर नुकताच चढलेला. हे काम घाईनं होत नाही. एक आडवी झाली की शेजारच्या चार घेऊन पडते, आणि जिथे एकमेकींना टेकतात तिथला रंग निघतो. पन्नासेक उभ्या झाल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. विद्याधर, म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, शुभदाचा नवरा, मला कधीच फोन करत नाहीत, म्हणून ग्लव्ह काढून फोन घेतला. "मीना, शुभदा गेली," ते म्हणाले. "थांबा, ट्रे आत ठेवते," मी म्हणाले. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, टायमर लावला आणि मग विचारलं, "काय म्हणालात?" धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन ती जिना चढत होती. चौथ्या पायरीवर बसली, डोकं दुखतंय म्हणाली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. वय अठ्ठावन्न. मी फोन ठेवला आणि टायमर वाजेपर्यंत तिथेच उभी राहिले. गोळ्या नीट भाजल्या गेल्या होत्या. हे तेव्हा माझ्या लक्षात का आलं, मला सांगता येणार नाही...

बंदूक, गोळ्या म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर काय येईल याची मला कल्पना आहे. आमचं प्रकरण फार साधं होतं. नॉटिंगहॅमबाहेर एक नेमबाजीचा क्लब आहे. रविवारी तिथे निवृत्त मास्तर, प्लंबर, एक दाताचे डॉक्टर आणि आम्ही दोघी मराठी बायका कागदाच्या चकत्यांवर नेम धरायचो. शुभदा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत. कॅन्टीनमध्ये एकमेकींना डब्यातली भाजी देण्याइतकी ओळख होती. एक दिवस तिनं डब्याऐवजी एक फॉर्म पुढे केला. रायफलच्या लायसन्ससाठी ओळखीच्या दोन माणसांची हमी लागते, त्यातली एक मी व्हावं असं तिचं म्हणणं. "तुला बंदूक कशाला हवी गं?" मी विचारलं. "कागदाला भोकं पाडायला," ती म्हणाली. "तू भिशीला जातेस तेव्हा मी विचारते का?" मी सही केली. नंतर ती नेमकं करते तरी काय हे बघायला गेले आणि अडकले. वर्षभरानं माझ्या फॉर्मवर तिची सही होती.

झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी फेकायची नसते, ती पुन्हा भरता येते. पुढे बसवायची गोळीही घरी ओतता येते. नुसतं शिसं बंदुकीच्या नळीतून गेलं की आत चिकटून राहतं, म्हणून त्यावर रंगाचा कडक थर द्यायचा. हे सगळं शुभदानं मला तिच्या गॅरेजमध्ये शिकवलं. गोळ्या आणि पावडर घालायला श्रीखंडाचा रिकामा डबा घ्यायचा, तोही तळाला त्रिकोणात पाचचा आकडा असलेलाच, कारण त्याच प्लास्टिकमध्ये हलवल्यावर वीज धरते आणि पावडर गोळीला चिकटते; मग ओव्हनमध्ये भाजली की ती कडक होते. त्यासाठी तिनं इंडियन दुकानातले सगळे डबे उलटे करून पाहिले होते. दुकानदाराला वाटलं, ही बाई एक्सपायरी डेट शोधतेय. पहिल्यांदा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गोल गोल काय फिरवतेस? ताक घुसळायला नाही दिलं. जोरात हलव, नवऱ्यावर चिडल्यासारखं." माझ्या गोळ्या ठिपकेदार निघाल्या. "गोवर आलाय," ती म्हणाली. तिच्या मात्र एकसारख्या केशरी, दुकानातून आणल्यासारख्या. आमच्या गोळ्यांची सरमिसळ नको म्हणून तिनं मला हिरवा रंग नेमून दिला. मला निळा हवा होता. मिळाला नाही.

कामात ती विलक्षण कडक होती. गॅरेजमध्ये चहा नाही, बिस्किट नाही, चेहऱ्याला हात नाही. गॅरेजचे कपडे वेगळे, चपला वेगळ्या. बाहेर पडताना हात गार पाण्यानं धुवायचे आणि नखं ब्रशनं घासायची. शिसं हळूहळू शरीरात साठत जातं, रक्तात उतरलेलं रिपोर्टवर कसं दिसतं हे ती रोज लॅबमध्ये बघत होती. फळीवरच्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, छापील अक्षरांत: कुठला साचा, कुठली पावडर, कुठली भांडी. गोळ्या भाजायचा छोटा ओव्हन तेवढा बिनचिठ्ठीचा होता. एकदा मी म्हणाले होते, "शुभदा, ह्याच्यावरही लिही. स्वयंपाकघरातल्यासारखाच दिसतो." ती हसली. "इथे येतंय कोण? विद्याधरला घरात हातोडी कुठे असते ते अजून माहीत नाही." मीही हसले. तो विषय तिथेच संपला.

इथे माणूस गेल्यावर अंत्यसंस्काराची तारीख मिळायला दोन-तीन आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. फार सभ्य होते. विद्याधरांनी किल्ली शोधून दिली. त्यांनी भिंतीतल्या कपाटातून रायफल, भरलेली काडतुसं आणि बंदुकीच्या दारूचे डबे काढले, यादी केली, सही घेतली आणि गेले. ज्याला लायसन्स लागतं ते सगळं नेलं. ओव्हनला लायसन्स लागत नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून विद्याधरांची बहीण शैलाताई आल्या, केंब्रिजहून शुभदाची मुलगी ईशा आली. ईशाला सहावा महिना होता. मी फोनवर चौकशी करत होते, पण प्रत्यक्ष गेले ती अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी सकाळी, वरणभाताचं पातेलं घेऊन. गॅरेजकडे बघायचंही मी टाळलं. सरळ स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर, केटलच्या शेजारी, तो ओव्हन होता. आत लाल कांडी पेटलेली. दाराच्या डाव्या बिजागरीपाशी भाजून घट्ट झालेला केशरी रंगाचा ओघळ होता, तो मी शंभरदा पाहिलेला. शैलाताई त्यातून टोस्ट काढत होत्या.

"हा कुठून आणला?" मी विचारलं.

"गॅरेजमधून. अहो, इतका छान, नुसता पडून होता. मोठा ओव्हन दोन टोस्टसाठी तापवायचा म्हणजे... मी स्वच्छ पुसून घेतला हं."

"कधीपासून वापरताय?"

"मी आल्यापासूनच. का हो?"

त्या येऊन नऊ दिवस झाले होते. ईशा खिडकीपाशी बसली होती, मांडीवर बशी, बशीत अर्धा खाल्लेला टोस्ट. मी आधी तिच्या मांडीवरची बशी उचलली, मग भिंतीवरचं बटण बंद केलं आणि प्लग ओढला. मग सांगितलं. ह्यात शुभदा शिशाच्या गोळ्या भाजायची. कोणालाच कळेना. मी पुन्हा सांगितलं, इंग्रजीत. ईशाचा चेहरा बघवेना. "मीनामावशी, मी रोज दोन टोस्ट खाल्ली. एव्हरी सिंगल मॉर्निंग. माझा बेबी..." शैलाताई भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी पोरीला विष घातलं का हो?" त्यांनी विचारलं. घरात आधीच एक माणूस कमी झालेलं, आणि त्या स्वयंपाकघरात मी हे बोलत होते...

फार्मसीतली इतकी वर्षं त्या वेळी कामाला आली. जेवढं खरं होतं तेवढंच बोलले. एवढ्या उष्णतेत शिशाची वाफ होत नाही. शुभदा गोळ्या कागदावर ठेवायची, थेट जाळीवर नाही. ताईंनी ओव्हन पुसलाय. धोका थोडा असावा. पण गरोदर बाईच्या बाबतीत 'असावा' म्हणून थांबता येत नाही, रक्त तपासायचं, आजच. मी मिडवाइफला फोन लावला, ईशाला गाडीत घातलं आणि आमच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. नमुना ज्या लॅबमध्ये गेला, तिथल्या कपाटांत शुभदाचं लॉकर अजून रिकामं केलेलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्मवरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता नळी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले. कोण काय बोललं ते मला आठवत नाही. शवपेटी पडद्याआड जात होती आणि माझ्या डोक्यात रक्ताचा रिपोर्ट होता. मला शुभदाचा भयंकर राग आला होता. आपल्या नखांतलंसुद्धा शिसं ब्रशनं घासून काढणाऱ्या बाईला एक चिठ्ठी चिकटवता येऊ नये? आणि मी, जी त्या वेळी हसले, मी तरी काय केलं? बाहेर पार्किंगमध्ये विद्याधर माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवायला हवं होतं. ते म्हणाले, "मीना, तिला तिथे एकटीला आवडायचं. मी कधी दार ढकललं नाही. मला वाटायचं, तेवढी तिची जागा राहू दे." मग म्हणाले, "पण एकदा तरी तिनं मला आत बोलवायचं होतं."

मी म्हणाले, "गाडी काढते, ईशा उभी आहे."

त्यानंतरचे चार दिवस मी कामावर गेले, औषधं तपासली, घरी आले. गॅरेजचं दार उघडलं नाही. ईशाही केंब्रिजला परत गेली नाही. आईच्या खोलीत बसून राहायची, शैलाताई तिच्या पायाशी. त्या दोघी एकमेकींशी फारसं बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी दुपारी ईशाचा फोन आला. रडत होती, म्हणून मला आधी उलटंच वाटलं. "नॉर्मल आहे, मावशी. टोटली नॉर्मल. आत्याला सांगितली तर ती देवासमोर बसली, उठतच नाही." मी "बरं झालं" म्हणाले. फोन ठेवल्यावर समोरचं प्रिस्क्रिप्शन तीनदा वाचलं आणि शेवटी फार्मसीत शेजारी काम करणाऱ्या सहकारणीला तपासायला दिलं. शुभदा गेली तेव्हा असं झालं नव्हतं. मला वाटतं, ती गेली हे मला त्या दुपारी खरं कळलं. कारण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काय, किती आकडा कशाचा, हे सगळं मला जिला विचारायचं होतं तिचाच नंबर मी लावायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, म्हणाले, "चपला बदल आणि चल माझ्याबरोबर." सात वर्षांत तो माझ्या गॅरेजच्या आत आला नव्हता. बोलावलं नव्हतं, म्हणून आला नव्हता. त्याला प्रत्येक फळी दाखवली. हे काय, ह्याला हात लावायचा नाही, हे पोलिसांना, हे क्लबला, हे शिसं वजन करून भंगारवाल्याला, हा ओव्हन वायर कापून कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, कोणालाही द्यायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. तो हाताची घडी घालून ऐकत होता. मी त्याच्याकडून सगळं परत म्हणून घेतलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला.

"हे सगळं तू गेल्यावर," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी आधी गेलो तर? बॉयलर बंद कुठून करायचा माहितीये तुला? पेन्शनची कागदपत्रं? लॅपटॉपचा पासवर्ड?"

मला ह्यातलं एकही माहीत नव्हतं. मी हात धुतले, गार पाण्यानं, वही घेतली आणि त्याच्यामागे वर गेले.