आईने छातीत दुखतंय म्हणून सांगितलं

वडील गेल्यापासून डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, "छातीत दुखतं रे अधूनमधून. डाव्या बाजूला."

वडील हार्ट अटॅकनेच गेलेले. मी त्याच दिवशी रजा टाकली आणि तिला माजिवड्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. कार्डिओग्राम झाला, इको झाली. "हृदय ठणठणीत आहे आजींचं," डॉक्टर म्हणाले. मी एवढा खूश झालो की परतताना तिच्या आवडीचा खरवस घेतला. ती गाडीत खिडकीबाहेर बघत बसलेली. "आता जिवाला घोर नाही ना?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. पुढे तिने तक्रार केली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकहून बहीण आली. एका दुपारी दोघी दार लावून आत बसल्या. बाहेर आली तेव्हा बहिणीचे डोळे लाल होते. मला तिने स्वयंपाकघरात ओढलं.

"दादा, आईच्या स्तनात गाठ आहे. चांगली लिंबाएवढी."

"म्हणजे म्हणून दुखत होतं?"

"दुखत नव्हतंच तिला. अंघोळ करताना हाताला लागलेली. तुला ते सांगणार कसं? म्हणून दुखतंय म्हणाली. तिला वाटलं, डॉक्टरांच्या आपोआप लक्षात येईल."

इको काढणारा माणूस स्क्रीनकडे बघत होता. त्याने काही विचारलं नाही आणि तिने काही सांगितलं नाही.

मग ठाण्याला मॅमोग्राफी. दारावर पाटी होती, पुरुषांना प्रवेश नाही. बहीण तिच्यासोबत आत गेली. मी दोघींच्या पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसलो. शेजारी दोन मैत्रिणी गप्पा मारत होत्या. त्यांना काहीच होत नव्हतं, दोघी नेहमीच्या तपासणीला आलेल्या. काही होत नसतानाही बायका तपासून घेतात, हे मला तिथे कळलं.

बायोप्सीनंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. गाठ काखेपर्यंत पोचली होती. "उपचार आहेत. पण लहान असताना सापडली असती, तर एवढं करावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. मग बहिणीकडे वळल्या. "आता तुमचीही तपासणी करून घ्या."

केमो झाली, पावसाळा संपताना ऑपरेशन झालं. ऑपरेशनला आलेल्या बहिणीला मुलांसाठी परत जावं लागलं. आईच्या काखेतून निघालेल्या नळीला एक डबी लावलेली, ती रोज रिकामी करायची होती. त्यासाठी घरी येणारी नर्स सुट्टीवर गेली त्या दिवशी मीच पुढे झालो. आईने मान भिंतीकडे वळवली आणि पदर तोंडावर ओढला. "दुखतंय का?" मी विचारलं. पदर ओला होत गेला, आणि मला तो बाजूला करायचा धीर झाला नाही.

आता तिचे केस परत येताहेत. पुढचं स्कॅन व्हायचंय. बहिणीला मी दर रविवारी फोनवर विचारतो, तपासून आलीस का. ती म्हणते, मुलांच्या परीक्षा होऊ दे. मग आई फोन मागते आणि उठून आतल्या खोलीत जाते. दार लावून घेते. ती आत काय सांगते, मला ऐकू येत नाही.