मामीची पेन्सिल

माझा मामा बाइंडर. एका वाचनालयाच्या तळघरात बसून चाळीस वर्षं तो फाटकी पुस्तकं शिवतोय, खळ लावतोय, नवे पुठ्ठे चढवतोय. वाचायची मात्र मामी. तीही पेन्सिल घेऊन. पानाच्या कडेला कोरी जागा दिसली की बाईंचा हात शिवशिवायचा. ‘हा लबाड आहे, बघाच.’ ‘इथे दूध उतू गेलं.’ ‘सिनेमा काढला तर ती रडूबाई नटी नको गं बाई!’

महिन्यातून एक रविवार आम्ही सगळे मामाकडे जमतो. सकाळी मागची टेकडी चढायची, धापा टाकत उतरायचं, पोटभर जेवायचं. मग मामा माउथ ऑर्गनवर त्याची ठरलेली तीन गाणी वाजवणार, आणि शेवटी मामीच्या लाडक्या जाडजूड कादंबरीतलं एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, तिच्या शेऱ्यांसकट. कादंबरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. मामी गेली तरी हे चुकलं नाही. खरं सांगू? कादंबरी यथातथाच आहे. आमचा जीव त्या शेऱ्यांत.

पुस्तक पार खिळखिळं झालं होतं. मीच मामाच्या मागे लागले, “जगाची पुस्तकं बांधतोस, मामीचं कधी बांधणार?”

पुढच्या महिन्याच्या रविवारी पुस्तक लाल कापडात नटून टेबलावर होतं. मी उघडलं आणि माझं टाळकंच सरकलं. तिन्ही बाजूंच्या कडा कापलेल्या. ‘हा ल’ एवढंच उरलेलं. पुढे ‘इथे दू’.

“मामा! डोकं ठिकाणावर होतं का तुझं?”

“हात गेला गं,” मामा म्हणाला. “शिवून झालं की मशीनखाली सरकवायचं, तीन बाजू कापायच्या. चाळीस वर्षांची सवय. पातं खाली आल्यावर कळलं.”

“आणि कातरण?”

“चार दिवस पोती उपसली. शेकडो पुस्तकांचे तुकडे त्यात. तिचं एक अक्षर सापडलं नाही.” त्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. “आता नको वाचायला. माझ्याने ऐकवणार नाही.”

मला आणखी बोलायचं होतं. पण कातरण उपसून त्याची बोटं सोललेली दिसली.

“आण इकडे,” आई म्हणाली. मामाची थोरली बहीण ती, तिच्यापुढे कोणाचं काय चालणार! तिने वाचायला सुरुवात केली. ‘हा ल’पाशी थांबली.

“हा लबाड आहे, बघाच!” माझा भाऊ ओरडला.

“दूध उतू गेलं!” पुढचं मी सांगितलं. मग काय, जो तो सुटला. नटी ‘रडूबाई’ की ‘रडकी’ यावरून आई आणि भाऊ हमरीतुमरीवर आले. मामाने सवयीने शेवटी कोरी पानं घातली होती, त्यांवर मी एकेक शेरा लिहून काढायला लागले. मामा भिंतीला टेकून ऐकत होता.

प्रकरणाच्या शेवटी नुसतं ‘ह्यां’ उरलं होतं. आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. हे पान दर वेळी मामाच वाचायचा, आणि हा शेरा त्याने कधी मोठ्याने वाचलाच नव्हता.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मामा लाजला. ह्या वयात, कानांपर्यंत.

“‘ह्यांना वाचून दाखवत होते, हे झोपले. माणूस दमतो फार. उठवत नाही.’” मामीचा शेरा एवढा म्हणून त्याने चष्मा काढला. “मी झोपलो नव्हतो गं. डोळे मिटून ऐकत होतो. तिने वाचायचं थांबवलं, पांघरूण घातलं, तेव्हा म्हटलं, आता कशाला सांगा. मग राहूनच गेलं.”

मी तो शेरा लिहिला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

त्याने खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘जागा होतो.’