रिकामी हार्ड डिस्क परत देऊ नये

आमच्या घरात सर्व्हर आहे. अख्ख्या केडगावात तो बहुधा एकमेव असावा, कारण त्याची गरज कोणालाच नाही.

सर्व्हर म्हणजे मुलीचा जुना लॅपटॉप. त्याला जोडायला बाहेरची हार्ड डिस्क हवी होती. कुठली घ्यावी, यावर मी तीन महिने अभ्यास केला. (मी विज्ञानाचा शिक्षक, मला कांदेसुद्धा अभ्यासाशिवाय घेता येत नाहीत.) तेवीस पानांचा तुलनात्मक अहवाल तयार झाला!

"अहो, साध्या दोन घ्या ना. एक बिघडली तर दुसरी," बायको सुनीता म्हणाली.

"छे! अभ्यासून घेतलेली एकच पुरते!"

माझा अभ्यास संपेना म्हणून पारनेरच्या बहिणीनं, मंगलनं, तिची जादाची डिस्क पाठवून दिली. मी तिला हातही लावला नाही. अखेर माझी निवडक डिस्क आली, तेव्हा सुनीताला म्हटलं, "मंगलची परत कर."

"रिकामी?" सुनीता दचकलीच. "वन्संची वस्तू रिकामी कशी पाठवायची? काहीतरी घालते."

"अगं, डिस्क आहे ती, डबा नव्हे! शेवया भरणार आहेस का?"

हा किस्सा मी शाळेत सगळ्यांना सांगितला. दोनदा.

मग घरातले सगळे फोटो, व्हिडिओ मी नव्या डिस्कवर हलवले आणि लॅपटॉप स्वच्छ पुसून काढला. (नीटनेटकेपणा!) त्यातच माझ्या वडिलांचा, आप्पांचा, हुरडा खाताना खदखदून हसतानाचा एकमेव व्हिडिओ होता. आप्पा गेल्यापासून आई रोज चहाबरोबर तो बघायची.

डिस्क मी फ्रिजवर ठेवली. चौथ्या दिवशी आईनं फ्रिज उघडला, लोंबणारी वायर दारात अडकली आणि डिस्क धाडकन खाली! 'चार फुटांवरून पडली तरी चालते,' असं अहवालाच्या सोळाव्या पानावर होतं. आमचा फ्रिज साडेपाच फुटांचा.

"म्या फकस्त दूध काढाया गेल्ते रं," आई म्हणाली. मग हळूच, "ह्यांचं हसनं गेलं का?"

मला तोंड वर करवेना. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

सुनीतानं मात्र शांतपणे पारनेरला फोन लावला. "वन्सं, मी डिस्कमध्ये घालून दिलेलं पुसलं नाही ना?"

"न्हाई वो वहिनी! आप्पांना रोज बघतो की आमी!"

संध्याकाळच्या एसटीनं मंगल डिस्क घेऊन हजर. आप्पा हसले, आई रडली, मी दोन साध्या डिस्क घेऊन आलो.

मंगलची डिस्क परत करायची वेळ आली. रिकामी कशी द्यायची? या वेळी मी स्वतः त्यात माझा तेवीस पानी अहवाल घातला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, ह्या येळंला रिकामी दिली आसती तरी चाललं आसतं!"