आ केलेलं तोंड

"आ कर," डॉक्टर म्हणाला. दाढ ठणकत होती. मी आ केला. जिभेवरचा दह्यासारखा पांढरा थर बघून त्याचा हात थांबला.
"एचआयव्ही आहे का?"
"हाय."
"मग आधी सांगायला काय झालं? ऊठ. उतर खाली." दार उघडंच. बाहेर बाकावर गावातली माणसं. त्यांना ऐकू जाईल असं तो नर्सला म्हणाला, "खुर्ची फिनेलनं पुसून घे."

मी खुर्चीतून उतरलो. माझ्यामुळं बायकोलाही हा रोग झाला. वाटलं, ही आपली शिक्षाच.

त्या हंगामात ऊसतोडीला गेलो. आमच्या टोळीत एक बिडी चौघांच्या तोंडून फिरते. मी माझी पुढं केली. चुलतभाऊ म्हणाला, "सोडली म्या, दादा." अन् लगेच दुसऱ्याच्या बिडीवर स्वतःची पेटवली.

मग एकटाच ओढू लागलो. दाढेतली कीड धुरानं मरते, असं आमच्याकडं मानतात. म्हटलं, पांढरा थरही जळेल. बंडलावर बंडल संपवलं. थर वाढला. भाकरीचा घास टोचायचा, चटणी लागली की डोळ्यांत पाणी.

माझ्या गोळ्या नगरच्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. तिथल्या डॉक्टर ताईंनी बॅटरी लावून तोंड पाहिलं.
"गोळ्या रोज घेता, औषधही लावता. तरी ही पांढरी बुरशी परत येते. बिडी ओढता?"
"धुरानं जळंल वाटलं, ताई."
"बुरशी नाही जळत, दादा. तोंडात तिला अडवणारी ताकद असते, ती जळते. तुमच्यात ती आधीच कमी." मी चुलतभावाची बिडी अन् डॉक्टरची खुर्ची, दोन्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "उष्ट्या बिडीनं हा रोग कुणाला होत नाही. आणि या रोगापायी उपचार नाकारायला कायद्यानं बंदी आहे."

म्हणजे डॉक्टरनं माझं तोंड बंद केलं, आणि ते सडवायचं काम मी करत होतो. फुकट. त्याच्यासाठी.

बिडी सुटली. सहज नाही सुटली. तलफ आली की ती फिनेलनं पुसलेली खुर्ची आठवायचो. जीभ आता लाल आहे.

दाढ मात्र तशीच. ताई म्हणाल्या, "इथं काढून घ्या." मी नाही म्हणालो. माझ्या चुकीचा जाब बायकोनं विचारावा. त्या डॉक्टरनं नाही. उद्या तिची दाढ दुखली, तर तिलाही तो असाच उतरवेल.

सोमवारी बाजार असतो, बाक भरलेलं असतं. त्याच दिवशी जाणार. रोगाचं नाव दारातूनच मोठ्यानं सांगणार आणि त्याच खुर्चीत आ करून बसणार. दाढ त्याच्याच हातानं निघेल. नाही म्हणाला, तर तसं कागदावर सहीनिशी लिहून दे म्हणेन. तोवर मी उठणार नाही. आणि त्याला दुसरं कुणी त्या खुर्चीत बसवता येणार नाही.